पहिल्या कैचीची तुळई

आमच्या गावच्या टाऊन हॉलच्या दाराशी संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर अकरा नावं आहेत. त्यातल्या निदान चौघांनी हॉलचं छत मान वर करून कधी पाहिलेलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. एकजण तर शेवटपर्यंत म्हणत होता की पाडा आणि दुकानांचे गाळे काढा. त्याचं नाव वरून तिसरं आहे. माझं कुठेच नाही. "जाऊ द्या ना माणिकसेठ" असं लोक मला अजून सांगतात. मी जाऊ देत नाही. गावाचं नाव मात्र इथे लिहीत नाही. हिंगोली जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे.

माझा धंदा जुन्या इमारती पाडण्याचा. घण उचलला, भिंत आडवी केली, झालं, असं बाहेरच्यांना वाटतं. घणाने पाडतो तो अडाणी. आम्ही इमारत उतरवतो. बांधताना जे शेवटी चढलं ते आधी खाली येतं : कौलं, मग कौलांखालच्या पट्ट्या, मग आडवे पाटे, मग कैच्या. कैची म्हणजे छप्पर तोलून धरणारा लाकडाचा त्रिकोण. त्याच्या तळाशी भिंतीपासून भिंतीपर्यंत जाणारं जाड लाकूड असतं, ती तुळई. प्रत्येक नगावर पांढऱ्या रंगाने नंबर घालायचा, म्हणजे घेणाऱ्याला तो दुसरीकडे तसाच उभा करता येतो. नंबर घालण्याची ही पद्धत आमच्या भागात मी सुरू केली, आणि त्याची मला घमेंड होती.

मी या धंद्यात खिळे काढायला शिरलो. नांदेडला एका वखारीत दिवसभर जुन्या लाकडातले खिळे उपटायचे आणि दगडावर ठोकून सरळ करायचे. तिथल्या उस्तादांनी मला लाकूड ओळखायला शिकवलं. बोटाच्या पेराने टकटक करायची. सागवान भरल्या घड्यासारखं बोलतं, कीड लागलेलं रिकाम्या डब्यासारखं. त्यांचा एक नेम मी शेवटपर्यंत पाळला. कुठल्याही इमारतीतून निघालेला पहिला मोठा नग आपल्या वखारीत उतरवायचा नाही. तो त्याच दिवशी कुणाच्या तरी राहत्या घराकडे रवाना करायचा. पाडलेल्या वास्तूचं लाकूड आधी चुलीचा धूर पाहू दे, मग धंदा कर, असं ते म्हणायचे. या नेमापायीच मी पुढे गोत्यात आलो.

टाऊन हॉल निजामाच्या अमदानीतला. काळ्या दगडाच्या भिंती, पाच कमानी, आत एक चौथरा आणि वर सात कैच्या. माझ्या लहानपणी तिथे मुशायरे व्हायचे, पुढे सभा झाल्या, मग नगरपालिकेने तिथे मोडकी बाकडी, मतपेट्या आणि डासांच्या औषधाचे पिंप कोंबले आणि कुलूप घातलं. वीसेक वर्षं आत वटवाघळं होती. जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास गावातल्या जागांना एकाएकी तेज आलं आणि हॉल पाडण्याचा लिलाव निघाला. बोली मी घेतली. इतरांनी छताच्या लाकडांवरची काजळी पाहिली, मी काजळीखालचं लाकूड पाहिलं होतं.

पहिल्या दिवशी चौथऱ्यावरची कौलं आणि पाटे काढून तिथली पहिली कैची खाली घेतली. माझे मुख्य सुतार रशीदभाई, वयाने माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. एक सांधा त्यांना तासभर दाद देईना. मी खालून ओरडत होतो, ते वरून ओरडत होते. शेवटी त्यांनी सांध्यात ठोकलेली लाकडी मेख फोडून काढली. तुळई सुटली. नेमाप्रमाणे ती त्याच दिवशी जायला हवी होती. शेजारच्या साखरा गावच्या गयाबाईने घराच्या आढ्यासाठी लाकूड सांगून ठेवलं होतं. नव्या घराच्या भिंती उभ्या करून लाकडासाठी थांबलेली, शेळ्या-मेंढ्या राखून एकटीने संसार ओढलेली विधवा. मी पावती फाडली, तिचा अंगठा घेतला, आणि दिवस मावळायच्या आत तुळई साखऱ्याला पोचती केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रशीदभाई उरलेल्या लाकडांवर नंबर घालायला बसले. रंग धरावा म्हणून सांध्यांची टोकं ब्रशने घासत होते. मध्येच त्यांनी हाक मारली, "सेठ, जरा इकडं या."

"काय झालं?"

"या तर. तोंड बंद ठेवून या."

मी गेलो. लाकडाच्या टोकाला खाचेत बसणारी जीभ कोरलेली असते, तिला कुसू म्हणतात. सांधा जुळला की ती आत गडप होते, ती कुणाला दिसत नाही. त्या कुसवावर पटाशीने मारलेल्या बारीक रेघा होत्या. एका लाकडावर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. ज्या खाचेत ती जीभ बसायची तिच्या आतही तितक्याच. म्हणजे नंबर. माझ्या आजोबांच्या वयाच्या कुणीतरी माझ्या आधी प्रत्येक नगाला नंबर घातले होते आणि झाकून ठेवले होते.

"हे वर बनवलेलं न्हाई," रशीदभाई म्हणाले. "जमिनीवर जोडलं, खोललं, मग वर नेऊन बसवलं. आणि हे बघा."

त्यांनी लाकडी मेखा पुढे केल्या. मेखांच्या डोक्यांवरही रेघा होत्या. आम्ही फोडलेल्या मेखेचे तुकडे जुळवले, तिच्यावर चार होत्या. आम्ही ती सगळ्यात आधी काढायला गेलो होतो. एक, दोन, तीन काढल्या असत्या तर चौथी बोटाने निघाली असती. खात्री करायला रशीदभाई दुसऱ्या कैचीवर चढले. काजळी पुसली. एक रेघ असलेली मेख हलक्या हाताने ठोकली, ती निघाली. दोनची निघाली. तीनची निघाली. चौथीला त्यांनी हातोडा लावलाच नाही. चिमटीत धरून ओढली आणि वरूनच मला दाखवली.

"परत बसवा," मी म्हणालो.

"काय?"

"परत बसवा म्हणतो ना! ऐकू येत न्हाई का?"

मी चिडलो होतो, आणि कुणावर चिडलो ते मला कळत नव्हतं. तीस वर्षं मी इमारती उतरवत होतो. एकाही इमारतीने मला 'हे असं खोल' असं सांगितलं नव्हतं. त्या सुतारांना माहीत होतं की कधीतरी एखादं लाकूड खराब होईल, कुणीतरी वर चढेल, आणि त्याला कळलं पाहिजे. जन्माला न आलेल्या सुताराची तकलीफ त्यांनी वाचवून ठेवली होती. आणि तो वर चढला तो मी, सगळंच विकायला. उघड्या पडलेल्या छतातून ऊन चौथऱ्यावर उतरलं होतं. इतक्या वर्षांनी आत उजेड आला होता, आणि उरलेल्या सहा कैच्या त्यात एकीमागे एक अशा दिसत होत्या की माझी मजूर माणसं बिड्या विझवून उभी राहिली. मला हात जोडावेसे वाटले. मी जोडले नाहीत, लोक बघत होते.

मी मुख्याधिकाऱ्यांकडे गेलो आणि ठेका परत घ्या म्हणालो. ते हसले. "माणिकराव, भाव पाडून मागायची ही नवी तऱ्हा का?"

"साहेब, मी भाव पाडायला येतो तेव्हा बसून बोलतो. आज उभा आहे."

त्यांना ओढतच हॉलमध्ये आणलं. रशीदभाईंना चौथऱ्यावर उभं केलं आणि साहेबांना पार मागच्या कमानीत. रशीदभाई शेजारच्या माणसाशी बोलावं इतक्या हळू म्हणाले, "साहेब, मान वर करा की जरा." शब्द न् शब्द मागे पोचला. साहेबांनी दचकून आधी मागे पाहिलं, मग वर. पुष्कळ वेळ वर पाहत राहिले. मग हाडाचा अधिकारी जागा झाला.

"ठेवून करू काय याचं? परत वटवाघळं पाळू?"

मी तोंडाला येईल ते सांगत सुटलो. परीक्षेच्या पोरांना अभ्यासाला जागा नाही, लसीकरणाच्या दिवशी लेकरं उन्हात रांगेत असतात, बचत गटाच्या बायका मारुतीच्या पारावर बसून हिशेब करतात. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला यातल्या कुणाचीच फिकीर नव्हती. मला फक्त छत वाचवायचं होतं. छताखाली माणसं लागतात, म्हणून मी माणसं गोळा करत होतो.

साहेब म्हणाले, "पंधरा दिवस देतो. छत जसं होतं तसं बसवा, तुमच्या खर्चाने. तेच लाकूड, जोडकाम नको. आमचा इंजिनिअर पास करेल तर ठेवू. नाहीतर लिलावात तुमच्या खालची बोली ज्याची होती, तो माणूस पाडेल. तुमची अनामत गेलीच धरा."

आता तेवढ्या लांबीचं, तेवढ्या जाडीचं एकसंध सागवान मिळत नाही. तशी एकच तुळई आसपास होती आणि ती मी स्वतः साखऱ्याला पाठवली होती.

साहेबांच्या मागे फिरण्यात तीन-चार दिवस गेले होते; साखऱ्याला पोचलो तर गयाबाईचं घर उभं राहिलेलं. मधोमध माझी तुळई आढ्याला चढवलेली, तिच्यावर हळद, आणि कुंकवाची पाच बोटं ओढलेली. घरभरणीचा नारळही फुटला होता. दारात मेंढ्या रवंथ करत होत्या. मी सगळं सांगितलं. रेघा, मेखा, साहेब, पंधरा दिवस. बाई शेळीच्या पायातला काटा काढत होती, तिने मान वर केली नाही.

"म्हंजे दिलेलं वापस मागून राहिला तू."

"मावशी, बदल्यात दोन तुळया देतो. तुम्ही वखारीत येऊन निवडा. छत मी स्वतः उतरवून स्वतः चढवून देतो."

"काहून? माझं छत काय वाईट हाय?"

मी जन्मभर सौदे केले. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव करतात तेही मला येतं. समोरच्याला आपली गरज कळली की सौदा मेला, हा पहिला धडा. आणि इथे मी माझी सगळी गरज आल्या आल्या तिच्यासमोर ओतून बसलो होतो. ही चूक वखारीतल्या नव्या हमालानेही केली नसती. मी सवयीने खांद्यावरचा रुमाल काढून हातावर घेतला. तेव्हा ती हसली.

"ठेव तो रुमाल. मी बी बाजारात शेळ्या इकते, मला बोटं कळतात. तोंडानं बोल."

"तुम्हीच बोला मग. काय पाहिजे?"

तिने काटा काढला, शेळीला ढोसून उठवलं आणि माझ्यासमोर बसली. "बाजाराला आमी बाया किती वाजता निंघतो ठाव हाय? तांबडं फुटायला. घरी येतो दिवे लागणीला. दिवसभर पानी पीत न्हाई आमी."

"काहून?"

"काहून इचारतो!" ती शेजारच्या ओट्यावर बसलेल्या सुनेकडे वळली. "ऐकलं का वं? काहून म्हन्तो." मग माझ्याकडे. "पानी पेलं की जावं कुठं लागतं सेठ? तुमी गडी भिंतीकडं तोंड करून उभे ऱ्हाता. आमी काय करावं? म्हून पीत न्हाई. उन्हाळ्यात बी न्हाई. माझी धाकली सून पोटुशी होती तवा बी न्हाई पेली. चक्कर येऊन पडली शेळ्यात."

तीस वर्षं मी तो बाजार पाहत होतो. माझी वखार बाजाराच्या तोंडाशी. त्या रांगेत बसलेल्या बाया मी हजार वेळा ओलांडल्या असतील. हे मला माहीत नव्हतं.

ती म्हणाली, "माझं लाकूड ज्या छताला लागंल, त्या छताखाली बाजाराच्या दिशी आमी बसनार. साऱ्या गावच्या बाया. पानी पाह्यजे. मागं आडोसा पाह्यजे, दार असलेला, आतून कडी असलेला. देतो का?"

हॉल माझा नव्हता. शब्द देण्याचा मला काडीचा हक्क नव्हता. मी म्हणालो, "दिलं."

"बराबर ऐकलं ना तू?"

"दिलं म्हणालो ना मावशी."

तिच्या छताखाली आम्ही टेकू लावले, तिचं नवं घर दोन दिवस उघडं पाडलं, तुळई उतरवली आणि तिने निवडलेली दोन लाकडं चढवली; शब्द पुरा होईपर्यंत तुळई तिचीच, म्हणून जुनी पावती रद्द केली नाही. निवडताना तिने बोटाच्या पेराने टकटक केली. ते तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

बाराव्या दिवशी कैची वर चढवली. साखळीची कप्पी, खाली पंधरा माणसं, इंजिनिअर हाताची घडी घालून उभे. साखऱ्यात तुळई आढ्याला बसवताना कुणी टोकं तासली असती तर सगळं संपलं होतं, पण गयाबाईने टोकांना पटाशी लावू दिली नव्हती. रशीदभाईंनी एक रेघ एकाला लावली, दोन दोनला. फुटलेल्या मेखेऐवजी नवी केली आणि तिच्यावर चार रेघा मारल्या. मग चौथ्या खाचेत कुसवाची जीभ आपोआप शिरली. ठोकावं लागलं नाही. कपाटाचं जड दार मिटतं तसा आवाज झाला आणि तो हॉलभर फिरून खाली आला. इंजिनिअरांनी हाताची घडी सोडली. रशीदभाई वर बसून रडत होते, आणि मी खालून ओरडलो, "उतरा आता, का तिथंच मुक्काम करता?" दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

इतक्या वर्षांत मी किती भिंती, किती छपरं उतरवली याची मोजदाद नाही. बसवलेली कैची एवढी एकच.

पुढे समिती झाली. पाटी झाली. उद्घाटनाला मला निमंत्रण होतं, सातव्या रांगेत. सकाळी अभ्यासिका, दुपारी दवाखान्याचं शिबिर, संध्याकाळी बचत गट. मी साहेबांसमोर जे जे बरळलो होतो ते सगळं खरं झालं. मागच्या बाजूला मी पाडलेल्या इमारतींच्या विटांचे दोन संडास बांधले, वखारीतली दारं लावली, आतून पितळी कड्या लावल्या. आणि वेळापत्रक लागलं तर बाजाराच्या दिवशी हॉल बंद.

मी समितीच्या चिटणीसांना विचारलं. ते म्हणाले, "माणिकसेठ, इतकी सुंदर वास्तू. शेळ्यांवाल्या बाया येणार, तंबाखू थुंकणार. तुम्हालाच कसं बघवेल?"

तेव्हा मी भांडलो नाही. घरी आलो आणि पावतीपुस्तक काढलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळी मी हॉलच्या दारात उभा होतो. बरोबर रशीदभाई, चार गडी, शिड्या, साखळीची कप्पी. आणि गयाबाई, आणि तिच्यामागे तीसेक बाया. काहींच्या हातात शेळ्यांची दावी.

चिटणीस धावत आले. "हे काय आणि?"

"या बाईंची तुळई न्यायला आलोय."

"कसली तुळई?"

मी पावती दाखवली. ठेक्यात निघालेला माल माझा, तो मी हिला विकला, हा तिचा अंगठा. त्यानंतर तो नगरपालिकेने विकत घेतल्याचा कागद दाखवा. कागद नव्हता, कारण खरेदीची कटकट नको म्हणून साहेबांनीच तो केला नव्हता. चिटणीसांनी साहेबांना बोलावलं. साहेब आले, पावती वाचली, परत वाचली.

"माणिकराव, ही तुळई काढली तर वरचं छत?"

"येईल खाली. मला सवय आहे."

"तुम्ही स्वतः बसवलेलं छत पाडाल?"

गयाबाई पुढे झाली. "साहेब, त्याला नगा इचारू. लाकूड माझं हाय. त्याचा फकस्त शबूद हाय."

साहेबांनी वर पाहिलं. दारातून ती पहिली कैची सरळ दिसते, आणि तिच्यावरची हळद नि कुंकवाची पाच बोटं. रंग देताना ती पुसायला मी मना केलं होतं. साहेब शिपायाकडे वळले. "कुलूप काढ रे. आणि दर बाजाराला काढायचं."

मी खरंच पाडलं असतं का, असं रशीदभाईंनी नंतर विचारलं. मी त्यांना शिवी दिली.

बाया आत गेल्या. शेळ्या कमानीला बांधल्या. बोलणं एकदम थांबलं, कारण आपलाच आवाज वरून परत येतोय हे त्यांना कळलं होतं. माना वर करून त्या उभ्या राहिल्या. कुणीतरी खुसपुसली, "ते बघ, गयाबाईचं कुकू." कोपऱ्यात मी दोन रांजण भरून ठेवले होते. त्यांच्याजवळ कुणी जाईना. सवय नव्हती.

मग गयाबाई उठली. बाहेर बाजार भरात आला होता, ऊन डोक्यावर होतं. तिने तांब्या बुडवला आणि सगळ्यांच्या देखत वरून धार धरून पाणी प्यायली. गळ्यावरून, पोलक्यावरून ओघळलं तरी थांबली नाही. तांब्या रिकामा करून तिने तो पुन्हा भरला आणि सुनेच्या हातात दिला.

"पी," ती म्हणाली. "पोटभर पी."